आभाळाचा भाऊबंद

खोपोलीला शिळफाट्याच्या बाजारात मी सुके बोंबील निवडत होते. शेजारच्या टोपलीवर वाकलेल्या एका बाईने मला माझ्याच गावची बातमी सांगितली.

"कर्जतला भिसेगावात कोन गोमा हाय म्हनं. त्याचं लगीन मोडलं, तर त्यानं रागानं महादेव बुडवला बाई!"

"अगंबाई! कुठल्या नदीत?" मी काहीच ठाऊक नसल्यागत विचारलं.

"नदीत नाय, देवळातच. आन् सासऱ्यालाबी पायरीवरनं ढकलला."

बोंबील तसेच टाकून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खोपोलीपर्यंत पोचेतो बातमीला असे हातपाय फुटतात हे मला ठाऊक आहे. मी स्वतः काही बातम्यांना शिंगंही लावून दिली आहेत. पण ही घडली तेव्हा मी देवळाच्या ओट्यावर बसलेली होते, म्हणून हिच्यात माझ्याकडून मिठाचा एक कणही जास्त पडणार नाही.

महादेव बुडवला हे खरं. पण रागाने नव्हे, गावाने सांगितलं म्हणून. लग्न मोडलं हे साफ खोटं, कारण मोडायला ते आधी जुळावं लागतं, आणि सगळा घोळ जुळण्याचाच होता. सासऱ्याला कुणी ढकललं नाही. तो आपल्या पायांनी घसरला.

गोमा म्हणजे भिसेगावचा पाणक्या. उल्हासनदीचं पाणी कावडीने आणून आमच्या आळीतल्या चार घरचे रांजण भरायचा. उजव्या खांद्यावर कावडीच्या दांड्याने लिंबाएवढं आवाळू आलेलं. चालणं असं की पाऊल लांब टाकायचं नाही, गुडघे किंचित वाकलेले, कमरेखालचा गोमा चाललाय आणि वरचा जागच्या जागी तरंगतोय. लग्नकार्यात नवं धोतर नेसून, खांदा मोकळा ठेवून आला तरी चाल तीच. जणू हवेच्या दोन घागरी घेऊन आलाय! घागरीत पळसाचं पान टाकायचा, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. त्याच्या वाटेवर कधी ओल दिसली नाही. आमच्या मोरीपासून चुलीपर्यंत मी तांब्या नेला तरी वाटेत तीन ठिकाणी सांडतो.

मी त्याला सारखी छेडायची. "गोमा, तिशी उलटली रे. बायको आणलीस तर एका पारड्यात तिला बसवशील. दुसरं पारडं काय मोकळं ठेवणार? दोन कर."

"वैनी," तो पाणी ओतता ओतता म्हणायचा, "आदी एक तर मिळूं दे. दुसऱ्या बाजूला धोंडा ठेवीन."

आमच्या शेजारी विष्णुबुवा वैद्य. त्या साली श्रावणात मी त्यांच्याकडे खोकल्याचं चाटण आणायला गेले होते. बुवा ओटीवर बसून अभ्रकाचे पापुद्रे सोडवत होते. त्यातला एक उडून गोमाच्या ओल्या पोटरीला चिकटला आणि उन्हात असा लखलखला की गोमा कावड खांद्यावर तशीच ठेवून खाली बघत राहिला.

"बुवा, ह्ये काय चमाकतंय?"

"अभ्रक आहे ते. औषधाला लागतं."

"आब्रक म्हंजी?"

"अभ्रासारखं दिसतं म्हणून अभ्रक. पापुद्र्यावर पापुद्रा, पांढुरकं, पोटात उजेड धरून बसलेलं. अभ्र म्हणजे आपलं आभाळच रे. तोच शब्द तोंडोतोंडी झिजत आभाळ झाला."

"आन् आभाळ म्हंजी?"

"घ्या!" मी म्हटलं. "बुवा, आता वर बोट दाखवा आणि मोकळे व्हा."

पण बुवांना उभ्या जन्मात पथ्य सोडून दुसरं काही कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी अभ्रक बाजूला सारलं. "अप् म्हणजे पाणी. भृ म्हणजे उचलणं, वाहून नेणं. जे पाणी वाहून आणतं ते अभ्र."

गोमाने खांदा बदलला. "पानी वाहून आनतं?"

"हो."

"म्हंजी पानक्या?"

मला हसू आलं, ते गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कारण बुवा हसले नाहीत. त्यांनी गोमाकडे पाहिलं, मग ओटीच्या कडेने वर पाहिलं. वर एक चिंधीएवढासा ढग होता.

"पाणक्याच म्हण," ते हळू बोलले. "दुसरे पंडित वेगळं सांगतात. ज्यातून पाणी निसटत नाही, खाली सांडत नाही, ते अभ्र. खरं कुठलं ते मी सांगू शकत नाही. पंडितांचं एकमत व्हायला आभाळच कोसळावं लागेल. पण पाणी सगळ्यांच्याच अर्थात आहे."

"सांडत नाय," गोमा स्वतःशीच पुटपुटला. मग आत जाऊन त्याने रांजण भरला. इतक्या हळू की पाणी पडल्याचा आवाजही आला नाही.

मी चाटण घेऊन घरी आले, पण डोक्यातून ते जाईना. दोरीवर लुगडी टाकताना वर ढग दिसला. मी आयुष्यभर ओरडत आले, "आभाळ आलंय गं, कपडे काढा!" आता तोंड उघडलं आणि मिटलं. आलंय म्हणजे कुठून आलंय? एरवी ते नसतं का? दुसऱ्या भाषांच्या लोकांना ढग वेगळा आणि वरची निळाई वेगळी. आपल्याला दोन्ही एकच. आभाळ भरून येतं, आभाळ गळतं, आणि पाऊस थांबला की आपण म्हणतो आभाळ उघडलं, जणू कुणी घागरीवरचं झाकण काढलं. ते फाटलं तर ठिगळ लागत नाही. ते माणसावर कोसळतं, आणि पोरगा पास झाला की हाताशी येईल इतकं ठेंगणंही होतं. एवढं सगळं मी भाजीत मीठ टाकावं तसं रोज बोलत होते, आणि त्याच्या आत कोण जाणे किती हजार वर्षांपासून एक जण खांद्यावर पाणी घेऊन चालत होता! लुगडी वाळली तरी मी तिथेच उभी.

मला असं होतं तर गोमाचं काय झालं असेल? तो आता नदीवर घागर बुडवताना वर बघायचा. आभाळ असलं की कपाळाला हात लावून राम राम करायचा. भाऊबंदाला करतात तसा.

हे असंच राहिलं असतं, पण त्याच श्रावणात कळंबचा धाकलू आला. त्याला दमा. वैद्यबुवांचं औषध महिनाभर समोर बसून घ्यायचं, म्हणून तो साडूच्या घरी, म्हणजे सोनाबाईकडे उतरला. सोनाबाईचं घर आमच्या परसामागे, नदीच्या वाटेवर. बरोबर मुलगी आणली होती, चिमा. हीही पाण्याचीच. कळंबला चैत्र-वैशाखात टेकडीमागच्या झऱ्यावर रांग धरून, वाटीवाटीने हंडा भरून आणणारी. उल्हासनदीचं एवढं पाणी बघून पहिल्या दिवशी ती नुसती काठावर बसली होती. गोमा घागरी भरायला उतरला, तिने त्याची पळसाची पानं बघितली.

"ह्ये कशापायी?"

"सांडू नये म्हनून."

"आमी सांडतच नाय," ती म्हणाली. "एक थेंब सांडला तर आय पाठीत घालती."

बस्स. एवढंच बोलणं झालं. सोनाबाईने ऐकलं, मला सांगितलं, मी कुणाला सांगितलं ते सोडा. चार दिवसांत आळीला कळलं की गोमाची कावड आता सोनाबाईच्या दारावरून दोन खेपा जास्त जाते.

सोनाबाईनेच शब्द टाकला. धाकलू खोकत खोकत हसला. "पानक्या? लोकांच्या मोऱ्या भरनारा? माजी पोरगी नेरळच्या गवताच्या वखारवाल्यानं मागितली हाय. बिजवर हाय, पन पायात जोडा घालतो. गौरी झाल्या की सुपारी फोडायची."

"गोमा रेल्वेत खलाशी लागेल की," सोनाबाई म्हणाली. "साहेबानं इचारलंय त्याला."

गोमा दारातच होता. "मावशी, तिथं तरी काय? घाट चढायच्या आदी इंजिनाला पानी पाजायचं. मग मानसांनी काय पाप केलंय?"

"बघा!" धाकलू म्हणाला. "गाढवाला सोन्याची झूल नको, ओझंच हवं."

पाऊस तर दडी मारून बसला होता. भाताची आवणी झालेली, लावलेल्या रोपांनी माती धरलेली, आणि आता खाचरांना भेगा. भाताचं पान टोकापासून पिवळं पडत चाललं. माथेरानकडून आभाळ यायचं, भिसेगावावरून जायचं, थांबायचं नाही. शेवटी पंच बसले आणि ठरलं की महादेव बुडवायचा.

ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीकाठच्या आमच्या महादेवाचा गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पाणी बाहेर जायचं भोक चिंध्या आणि चिखल कोंबून बंद करायचं आणि नदीचं पाणी ओतत राहायचं, पिंडी पुरी बुडेपर्यंत. देव गुदमरला की पाऊस सोडतो. त्या पाण्याचे नेम कडक. अनवाणी चालायचं. देवासाठी उचललेली भरली घागर मध्ये कुठे टेकवायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आणि भरल्या घागरीनिशी शब्द बोलायचा नाही. चुकलं तर सगळं पाणी उपसून पहिल्यापासून. गावातले सगळे बाप्ये रांग लावून भरतात, दुपारपर्यंत काम होतं.

बैठकीत धाकलूही होता. पाहुणा असला तरी बोलायची खोड. कुणीतरी म्हणालं, आभाळ रोज येतंय, रुसलंय कुणावर? गोमा मागे उभा होता, त्याच्या तोंडून निघून गेलं, "रुसंल कसं? ते बी आमच्यातलंच हाय. पानी वाहतं."

सगळे वळले. मग त्याला बुवांनी सांगितलेलं सगळं सांगावं लागलं, अडखळत, अभ्रकापासून. विष्णुबुवांनी मान हलवून साक्ष दिली. एक म्हातारा तर हात जोडून बसला. कशाला जोडले, त्यालाही सांगता आलं नसतं.

धाकलूला ते सोसलं नाही. "असं व्हय? म्हंजी आभाळाचा भाऊबंद! मग आभाळ काय चार मानसं लावून भरतं? एकट्यानं बुडव महादेव. सूर्व्या बुडायच्या आदी एकट्यानं बुडवलास तर चिमी दिली तुला. नाय तर गौरी झाल्या की नेरळ."

"दाजी, म्हस्करी करू नका," सोनाबाई ओरडली.

"म्हस्करी कसली? चार पंच हायत."

पंचांनी नको नको म्हटलं. गोमाने नुसतं विचारलं, "मामा, शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी दिस उगवायला गोमाने कावड उचलली. मी डाळ भिजत टाकून, जरा बघून येते म्हणून गेले, ती संध्याकाळपर्यंत घरी आले नाही. त्या दिवशी आळीत कुणाच्याच घरी रांधणं वेळेवर झालं नाही.

सुरुवातीला थट्टा होती. पोपट गुरव गाभाऱ्याच्या दारात बसून म्हणाला, "आभाळराव, जरा बेगीनं!" मी म्हटलं, "गोमा, गडगडाट कर की रे एखादा!" तो भरल्या घागरीनिशी होता, बोलायचं नव्हतं. डोळ्याने हसला आणि पायऱ्या उतरला. नदीची चढण, ओटा, पायऱ्या, आणि पाण्यात पाणी. परत नदी. पाणी पिंडीच्या शाळुंकेला लागलं तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या.

मग टाळ्या थांबल्या. ऊन डोक्यावर आलं. जुन्या गाभाऱ्याच्या फरशीच्या फटी पाणी पीत होत्या. एका खेपेचं पाणी, दुसरी येईतो निम्मं. दहांनी भरलं की फटींना पुरेसं पाणी मिळतं आणि वर चढतं. एकट्याचं त्या गिळून टाकत होत्या. गोमाने ते बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. तो थांबला नाही. चाल बदलली नाही, गुडघे तेवढेच वाकलेले, पळसाची पानं घागरीत तशीच निवांत. आवाळू फुटून खांद्यावरून रक्त उतरत होतं, धोतराच्या काठापर्यंत. वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता.

मी बाई तोंडाळ. माझ्या तोंडाला कुलूप लागल्याचं तेव्हापासून कुणी बघितलेलं नाही. ओट्यावर सगळं गाव बसलेलं आणि ऐकू काय येत होतं? त्याच्या तळव्यांचा आवाज. घाट चढायला निघालेल्या इंजिनाने कर्जत स्टेशनात वाफ सोडली, ती पांढरी वर गेली, पसरली, आणि मला वाटलं, सगळंच पाणी कुणाच्या तरी खांद्यावर आहे. खालून वर, वरून खाली, कुणी ना कुणी नेतंय. आणि आपण म्हणतो आभाळ आलंय, कपडे काढा!

दिस कलला. पिंडीचा माथा वितीएवढा वर होता आणि वितीएवढाच राहत होता. धाकलू ओट्याच्या कडेला तोंड फिरवून बसलेला. त्यालाही खाली बघवत नसावं. सोनाबाई डोळ्याला पदर लावून होती.

तेव्हा चिमा नदीच्या वाटेवर दिसली. सोनाबाईचा तांब्याचा हंडा डोक्यावर, काठोकाठ भरलेला. चप्पल नाही, पदर खोचलेला.

धाकलू उठला. "चिमे! खाली ठेव हंडा!"

ती चालत राहिली.

"ऐकू येत नाय? एकट्यानं म्हटलंय! ठेव खाली!"

चिमा बोलेल कशी? भरला हंडा डोक्यावर होता. आणि ठेवेल कुठे? देवाचं पाणी टेकवायचं नाही. पोपट गुरव उभा राहिला. "धाकलूदादा, ठेवला तर सगळं उपसावं लागंल. पोरीला काय बोलू नका, ती नेमात हाय."

"मग मी घेतो!"

"दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाय."

धाकलू तिला अडवायला पायऱ्यांकडे धावला, गोमाच्या ओल्या पावलांनी भिजलेल्या दगडावर पाय गेला आणि धपकन बसला. (ढकलला म्हणे! त्याच्यापासून गोमा एक शेतभर लांब होता.) चिमा बापाला वळसा घालून पायऱ्या उतरली, हंडा ओतला, आणि रिकामा हंडा घेऊन परत आली. आता तिला बोलता येत होतं. पण ती सरळ नदीकडे गेली.

वाटेत गोमा भरली कावड घेऊन चढत होता. दोघं समोरासमोर आली. त्याने फक्त वाट अर्धी सोडली.

मग ती दोघं भरत राहिली. एक वर येताना एक खाली. गाभाऱ्यातलं पाणी आता उतरायला वेळच मिळेना. ढाकच्या डोंगरामागून आभाळ येत होतं, खरंखुरं, काळंनिळं, थराथरांचं. पण माणसं तिकडे बघत नव्हती. सगळ्यांच्या माना गाभाऱ्याकडे. (त्या आभाळातून पाऊस पडला का? पडला, दोन दिवसांनी. गुरव म्हणतो देव गुदमरला, बुवा म्हणतात वारा फिरला. मी दोघांकडेही प्रसाद खाल्ला.)

पिंडीचा माथा रुपयाएवढा राहिला. मग तो पाण्याखाली गेला आणि पाणी सपाट झालं.

"बुडाला!" पोपट गुरव ओरडला. "देव बुडाला!"

हर हर महादेवाचा असा गजर झाला की नदीपलीकडचे बगळे उडाले. सूर्य अजून झाडांच्या वर होता. मी रडत होते, का ते विचारू नका.

गजर विरला, तसा धाकलू पायरीवरून बोलला. धोतर ओलं, आवाज बसलेला. "बुडाला खरा. पन एकट्यानं नाय बुडवलास. पैज गेली तुजी."

लोक खवळले. सोनाबाई पुढे झाली. "दाजी, लाज धरा! पोरगी काय बोलली ते कळलं नाय तुमाला?"

"पोरगी बोललीच कुठं?" धाकलू म्हणाला, आणि मग गुर्मी उतरल्यासारखा, नुसता बापासारखा, गोमाकडे बघत राहिला. "पैज ऱ्हाऊं दे. मी बाप हाय. मला एवढंच सांग, पानक्याच्या घरी माज्या पोरीला सुख काय?"

गोमाने सकाळपासून पहिल्यांदा कावड खाली ठेवली. चिमाच्या कपाळावरून घाम निथळत होता, तो त्याने बघितला.

"मामा," तो म्हणाला, "आज भरलं तेवढंच. ह्याच्याफुडं तिला जल्मात पानी भरावं लागनार नाय."